जीनच्या कर्ण्यातून आलेला माझा आवाज

तुमच्या या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचतो, आणि बहुतेक वेळा चिडून अंक बाजूला टाकतो. कुणाला मेलेले काका अंगणात दिसतात, कुणाला रिकाम्या खोलीत पैंजण ऐकू येतात... मनात येतं, अहो, जरा नीट चौकशी केली असती तर काहीतरी साधं कारण निघालं असतं! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. आणि तरी मी हे लिहितोय, कारण वीस वर्षांपूर्वी मी एका सरकारी माणसासमोर नुसतं ‘हो’ म्हणालो आणि त्या ‘हो’मुळं खरं बोलणाऱ्या एका बाईला गावानं आजपर्यंत वेडी ठरवलं. हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून झोपेचं काही खरं नाही.

गाव मलकापूर. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी मूळचा देऊळगाव राजाचा, मॅट्रिक झालेला, चोविशीतला. मलकापूरला रेल्वेलाइनच्या पलीकडं एका जीनमध्ये टाइमकीपर म्हणून लागलो होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. आमच्या जीनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मालकांची मुलंनातवंडं आहेत.

जागा नीट सांगतो, कारण पुढं सगळं त्या जागेवरच आहे. एक लांबलचक पत्र्याचा हॉल. आत दोन रांगांत रेचे — कापूस पिंजून सरकी गाळणारी यंत्रं — आणि प्रत्येक रेच्यावर कापूस घालायला एक बाई. धरून चाला, तीसेक बायका. हॉलला दारं दोन. पूर्वेला मोठं दार, त्यातून एक बैलगाडी आरामात आत यावी एवढं. त्याच्या बाहेर ओटा आणि ओट्यावर कापसाची गंजी. पश्चिमेला, मागं, एक लहान दार. तिकडं सरकीचं गोदाम, पाण्याचा हौद आणि मोकळं मैदान. बायका येता-जाता मोठंच दार वापरायच्या. पण आग लागली तर मोठं दार म्हणजे मरण, कारण बाहेरची गंजी पेटायला क्षणही लागत नाही. कापसात एखादा खडा आला, रेच्यात ठिणगी उडाली की रुईच्या तुसावरून आग पळत सुटते. चालत नाही, पळते. त्यामुळं आग लागली की मागच्या दारानंच बाहेर पडायचं, असा नियम होता. तो सगळ्यांना सांगायचं काम माझं.

हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं तेही सांगतो. आमचे धाकटे शेठ त्या वर्षी नागपूरहून मुंबईला विमानानं जाऊन आले. जिल्ह्यात तेव्हा विमानात बसलेला माणूस दाखवायला मिळणं कठीण. आल्या आल्या त्यांनी मला बोलावून घेतलं.

“अरे, विमानात काय करतात माहितीय? दार बंद झालं की एक बाई उभी राहते. पट्टा असा बांधा, दार इथं, दार तिथं — दोन्ही हातांनी दाखवते. अन बोलणारा आवाज वेगळाच, वरून येतो. सांगतात काय, तर विमान पडलं तर काय करायचं! पण आवाज कसा? जसं विचारतेय की सरबत देऊ का. कुणी घाबरत नाही.”

“आणि लोक ऐकतात?” मी विचारलं.

“लोक पेपर वाचत बसतात. ते जाऊ दे. आपल्या जीनमध्ये असंच पाहिजे.”

झालं. लाउडस्पीकरचा सेट आला. कर्णा हॉलमध्ये उंच, छताच्या लोखंडी कैचीला बांधला. आवाज वाढवायचं मशीन, माईक आणि बॅटरी माझ्या टाइम ऑफिसात, गेटजवळ. तिथून हॉलपर्यंत वायर. रोज सकाळी रेचे सुरू व्हायच्या आधी मी ऑफिसातून बोलायचं आणि हॉलमध्ये एका खोक्यावर उभं राहून एका बाईनं हात करून दाखवायचं. शेठनी स्वतः बाई निवडली — यमुनाबाई. तिशीची, उंच, सगळ्यांत बोलकी. मोठ्या दाराजवळच्या पहिल्या रेच्यावर असायची.

मजकूर मी लिहिला. रात्री जागून, शब्दकोश घेऊन. अजून पाठ आहे : ‘कामगार बंधू-भगिनींनो, कृपया लक्ष द्यावे. आग लागल्यास घाबरू नये. हातातील काम तेथेच सोडावे. सोबत सामान घेऊ नये. मोठ्या दाराकडे जाऊ नये. मागील लहान दाराने एकामागून एक बाहेर पडावे.’ आवाज सरबतवाला काढायचा प्रयत्न केला, पण निघाला तो गाडी लेट असल्याचं सांगणाऱ्या स्टेशनमास्तरचा. शिवाय ‘मागील लहान दाराने’ म्हणताना मी दर वेळी ‘मागील’पाशी अडखळायचो. का, कुणास ठाऊक.

कुणी म्हणता कुणी ऐकायचं नाही. मी बोलून झाल्यावर हॉलमध्ये जायचो तर यमुनाबाई खोक्यावर हात पसरून उभी आणि खाली सगळ्या तिची फिरकी घेतायत.

“अवं यमुने, दार तिथंच हाय का आज? का हललं कुठी?”

“हाल्लं असन तं सांग बाप्पा, आमी संध्याकाळी घरी कशा जाऊ!”

यमुनाबाई माझ्याकडं पाहून म्हणायची, “बाबू, असे हात केले का मले वाटते मी भिताडावर गवऱ्या थापून राह्यली. अन ते ‘लागल्यास’ म्हंजे काय हो? लागन तवा पाहू, असंच ना?”

मला फार राग यायचा. महिनाभर मी रोज तेच बोलत होतो, आणि एकीलाही विचारलं की आग लागली तर कुठून जाशील, तर ती बिनधास्त मोठं दार दाखवायची. शेवटी मी तो मजकूर फाडला आणि एक गंमत लिहिली. ‘मैनाबाई’ नावाची एक बाई. आग लागते, सगळ्या मागच्या दारानं जातात आणि मैनाबाई डोक्यावर टोपलं, हातात डबा घेऊन मोठ्या दाराकडं पळते. मी माईकवरून आगीचा आवाज काढायचो, यमुनाबाई मैनाबाई व्हायची.

“थांब व आगी! माह्या नव्या चपला राह्यल्या!” असं ओरडत ती हॉलभर धावायची, मोठ्या दारापर्यंत जायची आणि धपकन पडायची. बायका हसून हसून डोळे पुसायच्या. लोक पाच मिनिटं आधी यायला लागले. धाकटे शेठ खूष. म्हणाले, विमानवाल्यांनाही हे सुचलं नसतं. मला वाटलं, जिंकलो!

एकटे गफूरमिस्त्री हसले नाहीत. इंजिन आणि पट्टे सांभाळायचे, वयानं मोठे. एकदा हात पुसत ऑफिसात आले.

“बाबू, एक बोलू? तुम रोज यमुना को बडे दरवाजे की तरफ दौडाते हो. छोटे दरवाजे की तरफ एक दिन भी कोई दौडा?”

“अहो मिस्त्री, ती चुकीचं करते म्हणून तर गंमत आहे. लोकांना कळतं.”

“कळत असन,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मला त्यांचा राग आला. आज तो राग आठवला की लाज वाटते.

आता तो दिवस. संक्रांत होऊन गेली होती. माझ्या एका मित्राच्या बहिणीचं रोहिणखेडला लग्न होतं आणि त्यांच्या भाड्याच्या सेटचं मशीन ऐन वेळी बिघडलं. मित्र आदल्या संध्याकाळी माझ्याकडं आला. मी कुणालाही न विचारता मशीन, माईक आणि बॅटरी त्याला देऊन टाकली. एका दिवसाचा तर प्रश्न! कर्णा वर कैचीलाच राहिला, त्याची वायर माझ्या टेबलाखाली नुसती लोंबत. सकाळी बायकांनी विचारलं, “आज मैनाबाई नाही काय?” मी सांगितलं, मशीनमध्ये बिघाड आहे.

साडेअकराच्या सुमारास मी समोरच्या आवारात, वजनकाट्यापाशी चहा घेत उभा होतो. लख्ख ऊन होतं. मोठं दार माझ्यापासून पन्नास-साठ पावलांवर, सताड उघडं. आतून रेच्यांचा नेहमीचा खडखडाट येत होता. मग पत्र्याखालून धूर आला. आधी पांढरा, मग पिवळट... आणि आत एकदम किंकाळ्या. मिस्त्रींनी इंजिनचा पट्टा उतरवला असावा, कारण खडखडाट थांबला.

मी हललो नाही. हे मला लिहायचंच आहे. हातात चहाचा ग्लास होता, तो टाकावा एवढंसुद्धा सुचलं नाही. ओरडायचं होतं — मागच्या दारानं, मागच्या दारानं — पण जीभ टाळूला चिकटली होती.

आणि तेवढ्यात हॉलमधून कर्ण्याचा आवाज आला.

“कामगार बंधू-भगिनींनो, कृपया लक्ष द्यावे. आग लागल्यास घाबरू नये...”

माझा आवाज. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून चटकन ओळखता येत नाही म्हणतात. पण मी महिनाभर ऑफिसात बसून तो लांबून, कर्ण्यातून घुमून येताना ऐकला होता. तोच होता. सपाट, कंटाळवाणा, स्टेशनमास्तरचा. मैनाबाई नाही, गंमत नाही — मी फाडून टाकलेला पहिला मजकूर, शब्दन् शब्द. ‘मोठ्या दाराकडे जाऊ नये. मा... मागील लहान दाराने...’ जिथं मी अडखळायचो तिथंच तो अडखळला.

एकदा संपला, पुन्हा सुरू झाला. किंकाळ्या थांबल्या. दोनदा की तीनदा झालं, मला सांगता येणार नाही. तोवर ओट्यावरची गंजी पेटली आणि मोठ्या दारात ज्वाळांचा पडदा झाला. त्या पडद्यातून एकच बाई बाहेर आली. यमुनाबाई. लुगडं पेटलेलं. गफूरमिस्त्री कुठून आले देव जाणे, त्यांनी ओलं पोतं तिच्यावर टाकलं. तेव्हा कुठं माझ्या हातातला ग्लास पडला.

बाकीच्या सगळ्या मागच्या मैदानात होत्या. सगळ्या. एकीलाही ओरखडा नाही. एकामागून एक निघाल्या, चेंगराचेंगरी नाही. मला पाहिल्याबरोबर भोवती जमल्या. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला लागली.

“बाबू, तुमी बोलले म्हून जीव वाचला. आमी तं पळतच होतो मोठ्या दाराकडं. पन तुमी असे निवांत सांगून राह्यले का आमाले वाटलं, चाला, एवढी काई घाई नाही!”

मी सरळ टाइम ऑफिसात गेलो. टेबल रिकामं. वायरीचं टोक जमिनीवर, उघडं, कशालाच न जोडलेलं. मी ते हातात घेऊन पाहिलं आणि खाली टाकलं.

आता माझं पाप ऐका. मला त्या आवाजाचं नवल करायला सवडच झाली नाही, कारण मला भीती वाटली ती वेगळीच — शेठना मशीन दिसलं नाही तर? सुरक्षेचं मशीन मी लग्नाला दिलं आणि त्याच दिवशी आग! मी एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून दुपारीच रोहिणखेड गाठलं. मांडवात माझं मशीन जोरात वाजत होतं.

“अबे, नेऊन काऊन राह्यला? वरात बाकी हाय ना!” मित्र ओरडला.

“सकाळपासून चालू होतं का हे?”

“त मग! सकाळपासून साऱ्या गावाले गाणे आयकवून राह्यलो. काऊन, बिघडलं काय?”

दिवेलागणीला मशीन परत टेबलावर होतं, वायर जोडलेली. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आले. त्यांनी विचारलं, सूचना कुणी दिली? सगळ्या बायकांनी माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही माईकवरून सूचना दिलीत?”

“हो,” मी म्हणालो.

नाही म्हटलं असतं तर मशीन कुठं होतं ते सांगावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नव्हतं.

त्यानंतर शाल-नारळ झाला. धाकट्या शेठनी भाषणात दोनदा विमान आणलं. पगार वाढला, पुढं त्याच नावावर मला अकोल्याला एका मोठ्या कारखान्यात चांगली जागा मिळाली. यमुनाबाई तेव्हा दवाखान्यात होती. डावा हात, खांदा आणि मान भाजली होती. मी तिला भेटायला गेलो नाही. जाणार होतो, पण एकीनं सांगितलं, “तापात काईबाई बडबडते ते. तुमचंच नाव घेते सारखं.” मला वाटलं शिव्या देत असेल. द्यायलाच हव्या होत्या. मीच तिला रोज मोठ्या दाराकडं पळायला शिकवलं, तिचे पाय सवयीनं तिकडंच गेले — मिस्त्री म्हणाले तसंच झालं. हीच माझी समजूत. वीस वर्षं मी ती छातीवर घेऊन झोपलो आणि त्यामुळंच तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.

त्या आवाजाबद्दल मात्र मी काही जणांना सांगून पाहिलं. आणि इथं माझा खरा संताप आहे. कुणी ऐकूनच घेत नाही! बायको म्हणाली, तुम्हीच ओरडला असाल, घाबरून विसरलात. एक डॉक्टर स्नेही म्हणाले, धक्क्यानं स्मृती जाते. अहो, पण ज्या माणसाची स्मृती गेली त्याला चहाच्या ग्लासावरचा टवका कसा आठवतो? आणि समजा ओरडलो, तर माणूस आग पाहून ‘लागल्यास’ आणि ‘मागील’ असं ओरडतो का? दुसरे एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, बायकांच्या कानात रोजचं बोलणं बसलं होतं, तेच त्यांना ऐकू आलं. त्यांच्या कानात बसली होती मैनाबाई! आधीचा मजकूर तर त्यांनी ऐकलाच नव्हता, हीच माझी तक्रार होती ना? शिवाय मी बाहेर उभा राहून ऐकला, त्याचं काय? शेजारच्या आजी म्हणाल्या, कुणीतरी शेगावला नवस बोललं असेल, महाराजांनी वाचवलं. असेल. मी हात जोडतो. पण त्यांना त्यासाठी माझाच आवाज का घ्यावासा वाटला? तोसुद्धा अडखळण्यासकट?

सगळ्यांत वाईट म्हणजे, ‘मी बोललो नाही’ म्हटलं की लोक कौतुकानं हसतात. म्हणतात, किती नम्र माणूस!

गेल्या वर्षी मुलीच्या सोयरिकीच्या कामानं मलकापूरला जाणं झालं. जीन कधीच बंद पडली. स्टेशनच्या रस्त्यावर भाजीवाल्या बसतात, तिथं एका बाईचा वजन करतानाचा हात दिसला. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. तराजूची दोरी ती मनगटात अडकवून धरत होती. मी थांबलो. केस पांढरे झाले होते, पण उंची तीच.

तिनं वर पाहिलं. “काय बाबू. लय दिवसानं.”

मी तिथंच पोत्यावर बसलो. गिऱ्हाइकं येत-जात होती, त्यांच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. मैनाबाईचं सांगितलं, मशीन लग्नाला दिल्याचं सांगितलं, साहेबासमोर खोटं बोललो ते सांगितलं. माफी मागितली. ती पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती.

“झालं सांगून?”

“झालं.”

“मले मालूम होतं तुमी बोलले नाही ते.”

मला वाटलं, ती माझी समजूत काढतेय. ती वैतागली.

“आयकून त घ्या! मी मोठ्या दाराजोळच्या रेच्यावर नोहोती का? धूर निंघाला, मी उठली. तेवढ्यात वरून तुमचा आवाज. मी म्हटलं, बाबू मागच्या दारानं जा म्हन्ते. वळली बी होती मी. चार पावलं गेली असन बाकीच्याइसंगं. अन सहज मांगं पाह्यलं... तं दारातून तुमी दिसले. उनात उभे. हातात गिलास. तोंड बंद. अन वरून तुमीच बोलून राह्यले!”

“मग?”

“मंग काय? बाबू बाहेर हाय त हे आत कोन बोलून राह्यलं? मले काई उमगेना. मी पलटली अन तुमच्याकडं पळाली — तुमाले विचाराले. दारात पोचली तं गंजी पेटलेली.”

मी कसाबसा म्हणालो, “म्हणजे मैनाबाईच्या सवयीनं नाही?”

“कायची मैनाबाई! मले का खेळ अन आग समजत नाही? पोरगी होती का मी? त्या आवाजाचं आयकलं असतं तं सुखरूप निंघाली असती. तुमाले पाह्यलं, म्हून जळली.”

एक गिऱ्हाईक वांग्यांचा भाव विचारत होतं. तिनं सांगितला, तोलून दिली, आणि मग माझ्याकडं वळली.

“दवाखान्यात मी सगळ्याइले सांगे, बाबू बाहेर होते, बोलनारं दुसरंच कोनी होतं. लोकं म्हनत, आगीनं डोस्कं फिरलं इचं. मायी सख्खी बहीन म्हने का तू त्या देवमानसाचं नाव खराब करून राह्यली. मले वाटे, बाबूले मालूम असन कोन होतं ते, तुमचाच त आवाज होता. येतीन, सांगतीन. तुमी आलेच नाही. वर सायबाले म्हने मीच बोललो.” तिनं तराजू खाली ठेवला. “आता सांगा. कोन होतं?”

“मला माहीत नाही, यमुनाबाई.”

“खरं?”

“खरं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं की कीव करून, कळलं नाही. “वीस वर्सं,” ती म्हणाली. “अन तुमाले बी मालूम नाही.” मग उजव्या हातानं मला उठायची खूण केली, कारण मी पोत्यावर बसल्यानं तिचे बटाटे अडले होते. “नसन मालूम त नसो. पन मी खोटी नाही बोलली, एवढं त लिहून द्या. पेपरात द्या, नाईतर कुठी बी द्या. मायी बहीन अजून जित्ती हाय.”

मी लगेच लिहायला बसलो असतो तर बरं झालं असतं. तरी एक वर्ष गेलं. मुलीचं लग्न होऊ दे, मग लिहू, असं म्हणत राहिलो — म्हणजे पुन्हा तेच, आपली अब्रू आधी. आता लिहितोय.

वाचकांपैकी कुणाला या प्रकाराचं कारण सुचलं तर जरूर कळवा. फक्त ‘तुम्हीच ओरडला असाल’ असं कृपा करून लिहू नका. ते मी शेकडो वेळा ऐकलंय. मशीन रोहिणखेडला होतं. वायर कशालाच जोडलेली नव्हती. तो कोण होता, कुठून बोलला, मी फाडलेला मजकूर त्याला कसा पाठ होता — मला यातलं काहीही सांगता येत नाही, आणि आता कधी येईल असंही वाटत नाही.

मला एवढंच ठाऊक आहे. त्या दिवशी मी बाहेर उन्हात उभा होतो. माझं तोंड बंद होतं. ते यमुनाबाईनं पाहिलं, आणि तिनं सांगितलं ते सगळं खरं होतं.